काचबिंदूचे थेंब: डोळ्यात किती, गालावर किती?

कोनमापक

ओपन अँगल काचबिंदूसाठी थेंब सुरू होतात. पुढच्या तपासणीत दाब हवा तेवढा उतरलेला नसतो, म्हणून दुसरी बाटली जोडली जाते. त्यापुढच्या खेपेला तिसरी. हा क्रम फार ओळखीचा आहे, पण दर वेळी औषधच कमी पडतं असं नाही. पुष्कळदा ते डोळ्यापर्यंत पोचत नाही, किंवा पोचतं आणि लगेच वाहून जातं. हा धागा बाटलीचं तोंड आणि डोळा यांच्यामधल्या त्या दोन सेंटीमीटरांसाठी. कुणी कुठलं औषध घ्यावं हे डोळे तपासणारा डॉक्टर ठरवेल. ते इथे विचारू नका, सांगूही नका.

पार्श्वभूमी थोडक्यात. डोळ्याच्या पुढच्या भागात ॲक्वस नावाचं स्वच्छ पाणी मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर या वेगाने तयार होत असतं आणि पारपटल (डोळ्यापुढची पारदर्शक काच) आणि बुबुळ यांच्यामधल्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपत असतं. ओपन अँगल प्रकारात कोन उघडाच असतो, पण जाळीचा निचरा मंदावतो. दाब चढतो आणि मागची नस झिजत जाते. दुखत नाही, लाली येत नाही, समोरचं अक्षर नीट वाचता येतं. नजर आधी कडेकडेने जाते, त्यामुळे पत्ताच लागत नाही. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही. थेंब उरलेली राखण्यासाठी आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणजे काचबिंदूही गेला, हा समज सोडा. दोन्ही वेगळे आजार आहेत आणि एकाच डोळ्यात एकत्र नांदू शकतात.

दाब १० ते २१ मिलिमीटर (पाऱ्याचा) असला की ठीक, हे वाक्यही अर्धंच खरं आहे. काही नसा १६ वरही झिजतात. म्हणून प्रत्येक डोळ्यासाठी उतरवायचा दाब वेगळा ठरवतात. सुरुवातीला बहुधा मूळ दाबाच्या २० ते ३० टक्के खाली आणायचं ठरतं, आणि नस जास्त झिजलेली असेल तर त्याहूनही खाली. एकेक मिलिमीटर मोलाचा आहे. सुरुवातीच्या काचबिंदूवरच्या एका मोठ्या चाचणीत दर १ मिलिमीटर घटीमागे आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. म्हणजे गालावर ओघळलेल्या थेंबाचा हिशोब नसेपर्यंत जातो.

पापणी

पद्धत सविस्तर लिहिते, कारण "डोळ्यात थेंब टाकायचा" एवढ्याच सूचनेवर माणसं घरी जातात.

हात धुवा. बाटलीवरचं नाव वाचा, आकारावरून ओळखू नका. टोपण काढून आडवं ठेवा, म्हणजे त्याची आतली बाजू टेबलाला लागणार नाही. आडवं पडून घालणं सगळ्यात सोपं. बसून घालायचं तर मान पूर्ण मागे, छत दिसेपर्यंत.

खालची पापणी नुसती खाली ओढू नका, पुढे ओढा. पापणीची कड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरून पुढे घेतली की आत छोटा खिसा तयार होतो. थेंब तिथे पडला पाहिजे, थेट बुबुळावर नाही. बुबुळावर पडला की डोळा फटकन मिटतो, अश्रू सुटतात आणि औषध त्यांच्याबरोबर बाहेर येतं. नजर वर, कपाळाकडे. बाटलीचं टोक डोळ्यापासून दीड-दोन सेंटीमीटरवर. टोक पापणीला किंवा पापणीच्या केसांना लागू द्यायचं नाही. लागलं तर जंतू बाटलीत शिरतात आणि पुढे महिनाभर तेच डोळ्यात जातात.

एकच थेंब दाबा. गार ओल लागली की समजा पडला. मग डोळा हळूच मिटा, जणू डुलकी लागतेय. आवळून मिटायचं नाही, उघडझाप करायची नाही. पापणीची प्रत्येक उघडझाप म्हणजे अश्रू नाकाकडे ढकलणाऱ्या पंपाचा एक दट्ट्या.

आता महत्त्वाचं, आणि बहुतेकांना कुणी दाखवलेलंच नसतं ते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, जिथे चष्म्याची नाकावरची गादी टेकते त्याच्या जरा वर आणि आत, तर्जनीचं टोक हाडावर दाबून धरा. नाकपुडीवर नाही, डोळ्यावरही नाही. बरोबर जागी दाबलं की बोटाखाली हाडाची कड लागते. २ मिनिटं. डॉक्टरांनी ५ सांगितली असतील तर ५. तोवर डोळा मिटलेलाच. शेवटी स्वच्छ कागदी रुमालाने पापणीवर आलेलं औषध टिपून घ्या. प्रोस्टाग्लँडिन गटाच्या (लॅटानोप्रोस्टसारख्या) थेंबांनी पापणीची कातडी काळवंडते, टिपल्याने ते कमी होतं.

सावकाश

एक थेंब पडला की नाही अशी शंका असते, म्हणून खात्रीसाठी दोन घातले तर काय बिघडतं?

कोनमापक

बाटलीतून पडणारा थेंब २५ ते ५० मायक्रोलिटरचा असतो. पापणीचा खिसा ताणून ताणून ३० धरतो, एरवी त्यात जेमतेम ७ ते १० अश्रू असतात. म्हणजे पहिलाच थेंब जागेपेक्षा मोठा आहे. दुसरा सरळ गालावर किंवा नाकावाटे रक्तात.

शंका मात्र रास्त आहे. पहिला नक्की गालावरच गेला अशी खात्री असेल तर दुसरा घाला. नुसती शंका असेल तर घालू नका. बाटली फ्रिजमध्ये ठेवायला परवानगी असेल, तर गार थेंब पडल्याचं नीट कळतं. एवढ्यानेही बऱ्याच जणांची ही शंका मिटते.

औषधाची_वही

कोपरा दाबण्यामागचं गणितही लिहून ठेवते. टिमोलोल हे काचबिंदूच्या थेंबांतलं एक औषध, बीटा ब्लॉकर गटातलं. ०.५ टक्के टिमोलोल म्हणजे मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम. ५० मायक्रोलिटरच्या थेंबात ०.२५ मिलिग्रॅम. ऐकायला क्षुल्लक. पण गोळी पोटातून यकृतात जाते आणि तिथे तिचा मोठा भाग मोडला जातो. नाकाच्या अस्तरातून शोषलेला थेंब यकृताला बगल देऊन थेट रक्तात उतरतो. म्हणून इवल्याशा थेंबाने नाडी मंदावते, दम्याच्या रुग्णाला धाप लागते. मिटलेला डोळा किंवा दाबलेला कोपरा, दोन्हींपैकी काहीही ५ मिनिटं केलं तर रक्तातलं शोषण सुमारे दोन तृतीयांशाने घटतं, हे १९८४ सालीच मोजून दाखवलं गेलं आहे.

चवीवरूनही ओळखता येतं. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड घातल्यावर तोंड कडू झालं, तर औषध घशात पोचलं आणि कोपरा नीट दाबला गेला नाही.

तिरपी_नजर

दोन-तीन बाटल्या असतील तर मध्ये किती वेळ? काही ठिकाणी ५ मिनिटं लिहिलेलं असतं, काही ठिकाणी १०.

कोनमापक

५ मिनिटं किमान. सशांच्या डोळ्यांवर केलेल्या जुन्या प्रयोगांत दुसरा थेंब ३० सेकंदांत घातला तर पहिल्याचं ४५ टक्के औषध धुऊन निघालं, २ मिनिटांनी घातला तर १७ टक्के, ५ मिनिटांनी जवळजवळ काहीच नाही. जेल बनवणारं टिमोलोल किंवा मलम असेल तर ते शेवटी, आणि त्याआधी १० मिनिटं थांबा. चिकट थर आधी बसला की वरून घातलेलं आत जात नाही.

क्रमाची चिंता फार करू नका. पातळ आधी, दाट नंतर, एवढं पुरे. घड्याळ मात्र खरंच लावा. मनातली पाच मिनिटं दीड मिनिटाची असतात.

तीन-तीन बाटल्यांच्या मध्ये थांबणं जड जात असेल तर एकाच बाटलीत दोन औषधं मिळतात: डॉर्झोलामाइड-टिमोलोल, ब्रिमोनिडिन-टिमोलोल, लॅटानोप्रोस्ट-टिमोलोल. थेंब कमी, औषध टिकवणारं रसायन कमी, धुऊन जाण्याचा प्रश्न कमी. तपासणीच्या वेळी विचारण्याजोगा हा पहिला प्रश्न. फक्त एकत्र बाटली सुरू झाल्यावर जुनी टिमोलोलची बाटली बंद केली ना, एवढं पाहा. दोन्ही चालू राहणं ही नेहमीची चूक आहे.

निचरा

वेळांबद्दल. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट, टॅफ्लुप्रोस्ट हा गट दिवसातून एकदाच, बहुधा रात्री. लॅटानोप्रोस्टचा परिणाम ३-४ तासांत सुरू होतो, ८ ते १२ तासांनी शिगेला पोचतो आणि दिवसभर टिकतो. दाब २५ ते ३३ टक्के उतरवणारा हा गट म्हणूनच सहसा पहिला निवडतात. "जास्त फायदा होईल" म्हणून सकाळ-संध्याकाळ घातला तर उलट होतं, परिणाम कमी होतो. एकदा म्हणजे एकदा. रात्री हमखास झोप लागून राहत असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळची वेळ ठरवा. रोज सकाळी पडलेला थेंब हा चुकलेल्या रात्रीच्या थेंबापेक्षा केव्हाही बरा.

टिमोलोल याच्या उलट. ते पाणी तयार होणंच कमी करतं, आणि झोपेत ते एरवीही निम्म्यावर आलेलं असतं, त्यामुळे रात्री टिमोलोलला करायला काम उरत नाही. शिवाय झोपेतला रक्तदाब आणखी खाली नेऊ शकतं, आणि नसेला रक्तपुरवठा कमी पडणं परवडत नाही. म्हणून एकदाच घालायचं तर सकाळी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी आधीच चालू असेल तर डोळ्यातल्या टिमोलोलचा वाढीव फायदा थोडाच मिळतो. डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी माहीत नसते, सांगितली तरच कळते.

ब्रिमोनिडिन आणि डॉर्झोलामाइड दिवसातून दोन किंवा तीन वेळा. पिलोकार्पिन चार वेळा, त्यामुळे आता क्वचित दिलं जातं. भुवई दुखते, बाहुली बारीक होऊन संध्याकाळी अंधारल्यासारखं दिसतं.

सावकाश

आणि एखादा थेंब चुकला तर?

निचरा

आठवेल तेव्हा घाला. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दोन नाहीत.

औषधाची_वही

आता बाटली. यात जितक्या चुका होतात तितक्या औषधात होत नाहीत.

काही बाटल्यांना टोकाला भोकच नसतं. टोपणाच्या आत खिळ्यासारखं टोक असतं, टोपण घट्ट पूर्ण पिळलं की ते भोक पाडतं. हे न कळल्याने लोक सुई, टाचणी, नखं कापायची कात्री, काय वाट्टेल ते वापरतात. मग भोक मोठं होतं, प्रत्येक थेंब दीडपट पडतो, बाटली पंधरवड्यात संपते आणि कापलेल्या प्लास्टिकची कपची डोळ्यात जायची ती वेगळीच. बाटली उघडत नसेल तर आधी टोपण उलट नव्हे, सुलट दिशेने शेवटपर्यंत पिळून बघा.

टोपणाखालची सील तोडल्यावर मानेभोवती सुटी राहिलेली रिंग काढून टाका. बाटली उलटी केली की तीच घरंगळून डोळ्यात पडते.

उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहा, खोक्यावर नाही. खोकं दुसऱ्या दिवशी केरात जातं. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून ४ आठवडे, काही लॅटानोप्रोस्ट ६ आठवडे. छापील मुदत ही बंद बाटलीची असते. न उघडलेलं लॅटानोप्रोस्ट सहसा २ ते ८ अंशांत ठेवायचं, उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतं. सगळ्या औषधांना फ्रिज लागत नाही, आणि बर्फाच्या कप्प्यात कुठलंच ठेवायचं नाही. उन्हात उभ्या गाडीत राहिलेली बाटली टाकून द्या.

ब्रिन्झोलामाइड हे तरंगत्या कणांचं औषध आहे. प्रत्येक वेळी नीट हलवून घ्या, नाहीतर सुरुवातीला पाणी आणि बाटलीच्या तळाशी गाळ राहील. घातल्यावर काही वेळ धूसर दिसणं अपेक्षित आहे. डॉर्झोलामाइड स्वच्छ द्रव आहे, पण चुरचुरतं. दोन्ही एकाच गटातली, एक झोंबतं आणि दुसरं धूसर करतं, त्यामुळे एक सोसत नसेल तर दुसऱ्याबद्दल विचारता येतं.

आणि फेव्हीक्विकसारखी गोंदाची बाटली थेंबांच्या बाटलीशेजारी कधीही ठेवू नका. हे अवांतर वाटेल. नाही. आकार सारखा, झाकण सारखं, रात्री चष्मा काढलेला. पापण्या चिकटून आलेले रुग्ण जगभरच्या नेत्रविभागांना ठाऊक आहेत. कानाचे थेंबही वेगळ्या कप्प्यात.

चष्मेबद्दूर

+१ गोंदाला.

बाटली वापरून डोस चुकतायत का हेही तपासता येतं. २.५ मिलिलिटरच्या बाटलीत, थेंब २५ ते ५० मायक्रोलिटरचा धरला तर, ५० ते १०० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक म्हणजे २५ ते ५० दिवस. कंपनीगणिक थेंबाचा आकार वेगळा, म्हणून पहिली बाटली काळजीपूर्वक, एकही न सांडता वापरा आणि किती दिवस पुरली ते लिहून ठेवा. तो तुमचा पायंडा. पुढची त्याच्या निम्म्या दिवसांत संपली तर थेंब बाहेर पडतायत. अडीच पट पुरली तर थेंब विसरले जातायत, मन काहीही सांगो.

कंपनी बदलली की हा आकडा बदलतो. औषध तेच असलं तरी बाटली कडक असू शकते, टोक वेगळं असू शकतं. हात दुखरे असतील तर दुकानात बंद बाटली दाबून पाहायला मागा. संरक्षक रसायनाशिवायच्या काही बाटल्यांना तोंडाशी झडप असते. त्या जास्त जोराने दाबाव्या लागतात आणि पहिल्यांदा वापरताना हवा निघेपर्यंत काही वेळा दाबून थेंब बाहेर टाकावे लागतात.

तिरपी_नजर

हात कापणाऱ्यांसाठी काय उपाय?

पापणी

बाटली धरलेल्या हाताचं मनगट किंवा करंगळीची बाजू कपाळावर टेकवा. हात चेहऱ्याला टेकला की कंप असला तरी बाटली आणि डोळा एकत्रच हलतात, नेम चुकत नाही. दुसरी पद्धत: पापणी ओढणाऱ्या हाताची मूठ करून तिच्यावर बाटलीचा हात ठेवायचा.

डोळा उघडा ठेवणंच जमत नसेल तर आडवं पडा, डोळा मिटा, नाकाकडच्या कोपऱ्यातल्या खळगीत थेंब टाका आणि मग डोळा उघडा. थेंब आपोआप आत घसरतो. थोडं औषध वाया जातं, पण अजिबात न पडण्यापेक्षा पुष्कळ बरं. मान अगदी सपाट हवी, नाहीतर तो कानाकडे पळतो. बाटलीवर बसवायचे प्लास्टिकचे मार्गदर्शक आधारही मिळतात. ते डोळ्याच्या खोबणीवर टेकतात, त्यामुळे तेही आठवड्याला धुवा.

बाटली संपत आली की हवा भरून थुंकल्यासारखं औषध येतं. बाटली टोक खाली करून धरा, बोटाने टिचकी मारा, बुडबुडा वर जाऊ द्या, मग दाबा.

निचरा

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी थेंबाआधी काढायच्या आणि १५ मिनिटांनी घालायच्या. थेंबांतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक रसायन मऊ लेन्समध्ये शोषून राहतं.

कोनमापक

आता दुष्परिणाम. सगळे लिहीत बसत नाही, खोक्यातल्या कागदावर आहेतच. त्रास कुठे फसवतो तेवढं लिहितो.

प्रोस्टाग्लँडिनने सुरुवातीचे काही आठवडे डोळे लाल राहतात, मग बहुतेकांत कमी होतं. सापळा इथेच आहे. लाली पाहून कुणी तरी दुकानातून "लालीचे थेंब" आणतं. त्यात स्टिरॉइड असलं तर काही आठवड्यांत दाब चढतो, म्हणजे ज्यासाठी थेंब चालले होते तेच उलटलं. नुसतं रक्तवाहिन्या आवळणारं औषध असलं तर बंद केल्यावर लाली दुप्पट जोमाने परतते. काचबिंदू असलेल्या माणसाने स्टिरॉइड असलेलं काहीही, थेंब असो, पापणीला लावायचं मलम असो, नाकाचा फवारा असो, डोळ्याच्या डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय लांबवू नये.

प्रोस्टाग्लँडिनने पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळ्याभोवतीची चरबी आक्रसून डोळा खोल गेल्यासारखा दिसतो, करड्या किंवा मिश्र रंगाच्या बुबुळाचा रंग गडद होतो. रंगाचा बदल कायमचा. एकाच डोळ्यात औषध असेल तर दोन डोळे वेगळे दिसू लागतात, हे सुरू करण्याआधी सांगितलं पाहिजे.

ब्रिमोनिडिनची ॲलर्जी उशिरा येते. कित्येक महिने सुखाने चाललेलं औषध अचानक खाज आणि लाली आणतं, त्यामुळे संशय नव्या साबणावर जातो आणि जुनी बाटली सुटते. तोंड कोरडं पडणं, झोप येणं याचंही. दोन वर्षांखालच्या मुलांना हे द्यायचंच नाही, त्यांच्यात श्वास मंदावू शकतो, म्हणून बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

टिमोलोल: दमा, फुप्फुसांचा जुना अडथळ्याचा आजार, मंद नाडी, हृदयातला ब्लॉक यांपैकी काहीही असेल तर सुरू होण्याआधी सांगा. मधुमेहात साखर उतरल्यावर होणारी धडधड हे औषध लपवतं. धाप किंवा चक्कर आली तर पुढचा थेंब न घालता लगेच संपर्क.

डॉर्झोलामाइड सल्फा गटाशी नातं सांगणारं आहे, जुनी तीव्र ॲलर्जी असेल तर सांगा. नेटार्सुडिल आणि रिपासुडिल हे नवे थेंब जाळीवरच काम करतात. रिपासुडिल जपानमध्ये २०१४ साली आलं, नेटार्सुडिल अमेरिकेत २०१७ साली. दोन्हींनी डोळा लाल होतो.

चष्मेबद्दूर

एक गोष्ट राहिली. तपासणीच्या चार दिवस आधी सगळे थेंब शिस्तीत पडू लागतात, दाब उत्तम येतो, आणि नजरेचा नकाशा (कडेपर्यंत किती दिसतं ते मोजणारी तपासणी) मात्र दर खेपेला खराब. डॉक्टर गोंधळतात, शेवटी ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. चुकलेले थेंब सांगायला लाज वाटते. सांगा. "आठवड्यात दोनदा राहतात" या तीन शब्दांनी एखादं ऑपरेशन वाचू शकतं. तपासणीच्या दिवशीही थेंब नेहमीच्या वेळी घालून जा आणि किती वाजता घातला ते सांगा. दाब दिवसात वरखाली होतो, म्हणून वेळेचा उल्लेख कामाचा.

कोनमापक

सहमत, आणि दाब चांगला असून नस झिजत असेल तर आणखी दोन शक्यता असतात. एक, पारपटल पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. सरासरी जाडी साधारण ५४० मायक्रॉन असते, ती एकदा मोजून घेतलेली असावी. दोन, तपासणीबाहेरच्या वेळी दाब चढत असेल. शीर्षासन करताना तो जवळपास दुप्पट होतो. बाकी व्यायाम चांगलाच, डोकं हृदयाखाली नेणाऱ्या अवस्था टाळा.

थेंब झेपतच नसतील तर लेसर हा पर्याय आहे, शिक्षा नव्हे. जाळीवरच्या सिलेक्टिव्ह लेसरची थेंबांशी थेट तुलना केलेली लाइट चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यात लेसर आधी केलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्ण ३ वर्षांनी थेंबांशिवाय ठरवलेल्या दाबावर होते. परिणाम कायमचा नसतो, पुन्हा करावा लागू शकतो. तपासणी दोन्ही वाटांनी आयुष्यभर.

सावकाश

टोपणांच्या रंगांवरून ओळखायची काही पद्धत आहे का? बाटल्या सारख्याच दिसतात.

औषधाची_वही

आहे आणि नाही. प्रोस्टाग्लँडिनला फिरोजी, बीटा ब्लॉकरला पिवळं किंवा निळं, डॉर्झोलामाइडच्या गटाला नारिंगी, ब्रिमोनिडिनला जांभळं, पिलोकार्पिनला हिरवं, टिमोलोलच्या जोडबाटल्यांना गडद निळं, अशी एक रूढी आहे. सगळ्या कंपन्या ती पाळत नाहीत, म्हणून रंगावर विसंबू नका. त्यापेक्षा बाटलीभोवती रबरबँड: रात्रीच्या एकट्या थेंबाला एक, सकाळ-संध्याकाळच्याला दोन. अंधारात बोटांनाही कळतं. वर मोठ्या अक्षरात कुठला डोळा तेही लिहा, उ आणि डा. एकाच डोळ्याचं औषध चुकीच्या डोळ्यात महिनोन्महिने गेलेलं कागदावर कधीच दिसत नाही.

पापणी

आणि तपासणीला जाताना बाटल्या सोबत न्या, तिथल्या परिचारिकेसमोर एक थेंब घालून दाखवा. नेहमीच्या औषधाची वेळ नसेल तर त्यांच्याकडच्या साध्या कृत्रिम अश्रूंनी. पाहणाऱ्याने बोलायचं नाही, फक्त मोजायचं: किती थेंब बाहेर आले, टोक पापणीला लागलं का, कोपरा किती सेकंद दाबला. बहुतेकदा दाबणारं बोट दहाव्या सेकंदाला सुटतं.

सावकाश

घड्याळ लावून पाहिलं. बारा.

पापणी

मग पुढच्या वेळी डोळा मिटल्या मिटल्या मनात आकडे मोजू नका, मोबाइलवर २ मिनिटांचा गजर आधी लावून मग बाटली उचला. कोपर टेबलावर टेकवा, हात भरून येत नाही.